कुसुमकाकू आणि तीन तज्ज्ञ

बेसबॉलमधली होतकरू पोरं कोणती, त्यात पहिला कोण नि चाळिसावा कोण, हे ज्या कागदावर छापून यायचं, त्या कागदावर कुसुमकाकू बोकारे भजी काढायच्या. कढईतून झारा वर आला की थेट त्या यादीवर. "शाई लागेल हो काकू," असं मी पहिल्यांदा म्हणाले, तर म्हणाल्या, "लागू दे बाप्पा. तेल बाकी चांगलं पितो हा कागद. तेवढाच उपयोग आहे त्याचा." आणि डायनिंग टेबलाशी बसलेले वसंतकाका कळवळून ओरडले, "अगं, तो अंक जपून ठेवायचा होता!"

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला आले त्यालाही जमाना लोटला. इथे आमच्या मराठी मंडळात दोन आया भेटल्या की पाचव्या मिनिटाला पोरांचे नंबर निघतात. कुणाचा स्पेलिंगमध्ये कितवा, कुणाचा गणितात कितवा. माझं डोकं उठतं. मग मी काकूंसारखं नाक मुरडते आणि बटाटेवडे कुठे ठेवलेत ते शोधायला निघून जाते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इलिनॉयच्या पश्चिम टोकाला नदीकाठचं एक गाव, गावात ट्रॅक्टरचा कारखाना, आणि मराठी घरं दोनच. एक बोकाऱ्यांचं आणि एक आमचं. मी पुण्याची, लग्न होऊन नुकतीच आलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. काकू अमरावतीच्या, बी.एस्सी. झालेल्या. गावच्या लायब्ररीत अर्धा दिवस काम करायच्या. पहिल्याच भेटीत माझ्या बर्फात घसरणाऱ्या चपलांकडे बघून म्हणाल्या, "पुण्याची दिसतेस. पाय मोडला तरी चालेल, पण चप्पल कोल्हापुरीच." त्या दिवसापासून आमचं जमलं.

वसंतकाका कारखान्यात गुणवत्ता तपासायला होते. दिवसभर गिअरचे दात मोजायचे आणि घरी येऊन पोरांचे. क्रिकेट सुटलं म्हणून बेसबॉलला लागले, पण खेळात त्यांचं मन कमीच. त्यांचा जीव याद्यांत. एक याद्या छापणारं पाक्षिक होतं, एक शिकागोच्या वर्तमानपत्रातला स्तंभवाला होता आणि तिसरा एक निवृत्त माणूस होता, जो घरबसल्या चार पानी पत्रक काढून टपालानं पाठवायचा. काका त्यांना पाक्षिकवाले, शिकागोवाले आणि पत्रकवाले म्हणायचे. आलेखाच्या कागदावर तिघांचे नंबर तीन रंगांच्या पेन्सिलींनी मांडायचे, आणि एकाच पोराला एकानं चौथा, दुसऱ्यानं सत्ताविसावा दिला आणि तिसऱ्यानं त्याचं नावच घेतलं नाही, की खूश व्हायचे. "तीन मतांची सरासरी काढली की सत्याच्या जवळ जातो माणूस," म्हणायचे. त्यावर काकू आतून, "आणि तीन खोटारड्यांची सरासरी काढली की काय निघतं हो?"

मला त्या याद्यांची शिसारी यायची. एकदा मी बसून वाचल्या. 'मांड्या जाड, पुढे सुटण्याची शक्यता.' 'वडील उंच, म्हणून अजून वाढेल.' 'चेहरा चांगला.' चेहरा! चेंडू फेकायला चेहरा कशाला लागतो मेला? मी काकूंना वाचून दाखवलं, तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मुलगी पाहायला आलेल्यांची भाषा आहे ही, मंजू. आपल्याकडे मांड्या तोंडानं म्हणत नाहीत. पाहतात मात्र."

गावात एक लहान संघ होता. मोठ्या संघांसाठी पोरं तयार करायची ती खालची पायरी. पोरं एकोणीस-वीस वर्षांची, पगार चिमूटभर, म्हणून गावातली कुटुंबं उन्हाळाभर एकेकाला घरात ठेवून घ्यायची. काकांनी हौसेनं नाव दिलं आणि बोकाऱ्यांच्या तळघरातल्या खोलीत डॅनी आला. आर्कन्सॉचा, ताडमाड, कानामागे सनबर्न, चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर. शाकाहारी घर बघून पहिल्या दिवशी रडवेला झाला होता. आठवड्याभरात थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवून, "मिसेस बी, वन मोअर?" करायला लागला. बाहेर जाऊन हॅम्बर्गर खायचा ते वेगळं. काकू म्हणायच्या, "खाऊ दे. पण दात घासून ये म्हणावं."

हे पोर रोज संध्याकाळी काकांच्या खुर्चीमागे येऊन उभं राहायचं. "मिस्टर बी, व्हेअर ॲम आय?" आपण कितवे! काका पेन्सिलीनं दाखवायचे. वर सरकला की पोरगा दोन थालीपिठं जास्त खायचा, खाली आला की ताटावरून उठायचा. मला म्हणाला होता, यादीत नाव राहिलं तर संघ ठेवून घेतो, नाव गेलं की घरी. आणि घरी म्हणजे सावत्र बाप त्याला कोंबड्या कापायच्या कारखान्यात लावायला टपून बसलेला. त्याच्या पोटात सतत तेवढी एकच भीती. ती भीती काकांना दिसत नव्हती असं नाही. पण त्यांना तिन्ही नंबर जास्त दिसत होते.

जुलैत डॅनीचं काहीतरी बदललं. आधी तो हात डोक्यावरून आणून चेंडू टाकायचा, आता बाजूनं टाकायला लागला. पाक्षिकवाल्यांनी लिहिलं, ढिसाळ झाला, आणि खाली ढकलला. शिकागोवाल्यांनी जुनाच नंबर ठेवला, बहुधा त्याला पाहिलंच नव्हतं. पत्रकवाले मात्र वेडे झाले. 'बाजूनं टाकण्याची दुर्मीळ कला! फलंदाज गोंधळतात!' त्यांनी डॅनीला उचलून वर नेला. काकांना तर सणच. एकच हात, एकच पोरगा, आणि तीन निदानं! आलेख घेऊन आमच्याकडे आले, चहा गार झाला तरी बोलत होते.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "मंजू, तो दूध डाव्या हातानं ओतून राहिला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गॅलनभर दूध उजव्या हातानं उचलवत नाही त्याला. दार डाव्या हातानं उघडतो, भांग डाव्या हातानं पाडतो. दुखून राहिलंय पोराचं. कला कसली डोंबलाची!"

त्यांनी डॅनीला विचारलं. तो गयावया करायला लागला. ऑगस्टअखेर मोठी यादी निघणार, तोवर कुणाला सांगू नका, प्लीज मिसेस बी, यादी निघाली की मी स्वतः सांगतो. काकूंनी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "थोडी कळ असतेच खेळाडूंना. आणि हे बघ, पत्रकवाले स्वतः येतायत त्याला बघायला. मी घरी जेवायला बोलावलंय. ते जाणकार आहेत, त्यांना ठरवू दे." जाणकार! आजही हा शब्द ऐकला की मी नाक मुरडते.

पत्रकवाले आले. पोट सुटलेले, बोटात जाड अंगठी, कपाळावर घाम. सोफ्यावर ऐसपैस बसले आणि डॅनीला म्हणाले, उभा राहा. वळ. पाठ दाखव. मग त्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून दाबून पाहिलं. बाप किती उंच होता? आईकडचे लोक जाड आहेत का? डॅनी "यस सर, नो सर" करत गोल फिरत होता आणि काका कौतुकानं पाहत होते. काकू भज्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि पाहुण्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"यू ऑल्सो स्टँड, प्लीज."

तो हसला. त्याला वाटलं काहीतरी भारतीय पद्धत असावी. उठला.

"टर्न."

वळला बिचारा! "युवर फादर ऑल्सो हॅड स्टमक लाइक धिस? हेअर फेल ॲट व्हॉट एज?" काकूंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. काका, "अगं, अगं कुसुम," करत उठले. मला हसू आवरेना आणि डॅनी तर पार लाल झालेला. मग काकू इंग्रजीत स्वच्छ म्हणाल्या, ह्याचं कोपर दुखतंय. डोक्यावर हात जात नाही म्हणून तो बाजूनं टाकतो. तुम्ही त्याच्या दुखण्याला नंबर दिलाय.

त्या माणसानं काय करावं? डॅनीकडे पाहिलंसुद्धा नाही. भजं उचललं, तोंडात टाकलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मला सांगू नका. मग मला लिहावं लागेल." आणि दुसरं भजं उचललं. शी! इतका निर्लज्ज माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला गाडीत घातलं. त्यांना ड्रायव्हिंगची धास्ती, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळून चालवायच्या. मैदानावर संघाचा मॅनेजर होता, त्याला गाठलं आणि पोरांच्या देखत सगळं सांगितलं. डॅनी धावत आला. "शी डझन्ट नो एनीथिंग!" असं ओरडला. मॅनेजरनं फक्त डॅनीला उजवा हात वर करायला सांगितलं. हात खांद्याच्या वर गेला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, कोपरातला बंध फाटायला आलाय. आणखी महिनाभर असंच टाकत राहिला असता तर पुढे हात सरळही झाला नसता. संघानं डॅनीला घरी पाठवलं. हंगाम संपायचीसुद्धा वाट पाहिली नाही. बस निघायची त्या ठिकाणी आम्ही दोघी सोडायला गेलो. काकूंनी थालीपिठं बांधून दिली होती. तो म्हणाला, "यू हॅड नो राइट, मिसेस बी." डबा बाकावर ठेवला आणि बसमध्ये चढला. काकूंनी डबा परत आणला. संध्याकाळी त्यातलंच एक खाल्लं, मलाही दिलं. मी म्हटलं, "काकू, वाईट वाटतंय का?" तर म्हणाल्या, "वाटतंय ना. दगड आहे का मी? पण हात राहिला त्याचा. आता त्या हातानं त्यानं मला शिव्यांचं पत्र लिहावं, मी वाचीन." पत्र कधीच आलं नाही. काकूंनी हिवाळ्यात दोनदा आर्कन्सॉला फोन केला. आईनं सांगितलं, ऑपरेशन झालं, प्लास्टर आहे, सोफ्यावर बसून टीव्ही बघतो. तो स्वतः फोनवर आला नाही.

घरात काका नीट बोलेनासे झाले होते. भांडण नाही, नुसतं हूं आणि हं. वसंत ऋतूत एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. टपाल आदल्या दिवशीचं होतं, काकांनी नवीन हंगामाचं पत्रक उघडलं आणि एकदम ताठ झाले. "सहावा! डॅनी सहावा!" आणि वाचायला लागले: "'हिवाळ्यात भरपूर मेहनत घेतलेली दिसते. खांदे भरले आहेत. बाजूनं टाकण्याची कला आता पक्की मुरली आहे.'"

मी कपबशी खाली ठेवली. पोरगा प्लास्टर घालून सोफ्यावर बसलाय, आणि ह्या भैताडाला, हा काकूंचा शब्द, त्याचे खांदे भरलेले दिसतायत! त्याच माणसाला, ज्याला काकूंनी तोंडावर सांगितलं होतं! मला वाटलं काका आता तरी पत्रक फाडतील. छे! त्यांनी लाल पेन्सिल काढली, आलेखावर डॅनीच्या रेघेत सहावर टिंब दिलं आणि जड आवाजात म्हणाले, "बघ कुसुम. खेळत असता तर आज खरंच सहावा असता. घाई केलीस तू."

काकू चहा गाळत होत्या. गाळणं बाजूला ठेवून समोर येऊन बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. पण अगदी घरगुती आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही मला पाहायला आला होतात अमरावतीला. बाहेर पडल्यावर कोण काय म्हणालं, आठवतं?"

काका जरा सैल झाले. ही त्यांची आवडती गोष्ट होती. "आठवतं की. आत्या म्हणाली, रंग बघा पोरीचा, कसा गुलाबी! मामा म्हणाले, मुलगी लाजरी आहे, डोळे वर करत नाही, घराण्याला शोभेल. बाबांना तेवढं पटलं नव्हतं. म्हणाले, आवाज लहान आहे."

"ताप होता मला," काकू म्हणाल्या.

काकांची पेन्सिल तशीच हातात राहिली.

"टायफॉइड. अंग फणफणलं होतं, म्हणून रंग गुलाबी. उजेड सोसत नव्हता, म्हणून डोळे खाली. घशाला कोरड पडली होती, म्हणून आवाज लहान. आई म्हणाली, स्थळ चांगलं आहे, आजचा दिवस काढ. तुम्ही सगळे गेलात आणि मी तिथंच पाटावर पडले. लग्नापर्यंत उठले कशीबशी."

"पण मला... मला कुणी सांगितलं नाही," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत तूसुद्धा नाही."

"सांगायचं कशाला? तुमच्याकडच्या तिघांची मतं पक्की झाली होती." काकूंनी त्यांचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही स्वतः मला एकच विचारलं होतं त्या दिवशी. गाणं येतं का."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आणि मी गाणं म्हटलं ना हो," काकू म्हणाल्या. "दोन कडवी म्हटली."