सिस्टरच्या दोन अटी

शांता सिस्टरवर अन्याय झाला तो लग्नानंतर अकराव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास. कुवेतला परतायचं म्हणून ती बॅग भरत होती. नवऱ्यानं तिचा पासपोर्ट उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

खांडबाऱ्याच्या अलीकडच्या आमच्या पाड्यावर ती सगळ्यांचीच सिस्टर. कुवेतच्या दवाखान्यात सात वर्षं नर्स. लिहून ठेवायची तिला खोडच होती. आईच्या गोळीची वेळ, शेजारणीचे दिवस, कुणाचा ताप. हाताशी कागद नसला तर तळहातावर. "लिहिलं नाही ना, मग ते झालंच नाही," म्हणायची. सुट्टीवर आली की आमची बायकांच्या हक्कांची पत्रकं लाल पेनानं तपासायची. "घोषणा चार आणि पत्ता एकही नाही. बाईनं जायचं कुठं गं?" मला राग यायचा. चूक आमचीच असायची.

आमच्याकडं लग्नाआधी अंगणात पंच बसतात. मुलीच्या बापाला द्यायचं देज, बोकड, मुलगी निघून आली तर भरायचं काय, सगळं ठरतं. म्हणजे लग्नाआधीचा करार आम्हांला नवा नाही. नवं एवढंच, की या वेळी कागद नवरीनं पुढं केला. दोनच अटी: नोकरी चालू राहील, पासपोर्ट माझ्याजवळ राहील.

मुलाचा काका नंदुरबारात राहून अहिराणीत मुरलेला. म्हणाला, "पोरी, तू लगीन करी ऱ्हायनी का दुकान भाडावर दी ऱ्हायनी?"

अंगण हसलं. सिस्टर म्हणाली, "काका, दुकान असतं तर लिहून तुम्हीच मागितलं असतं."

काकाचं तोंड उतरलं. तिचे वडील माझ्याकडं बघू लागले, कारण ती पत्रकं वाटणारी मीच. आणि मी काय म्हणाले? "ताई, आत्ता नको. लग्न होऊ दे, मग निवांत लिहू."

तिनं कागदाची घडी केली.

पासपोर्ट कपाटातच राहिला. रजा संपली, व्हिसा संपला, नोकरी गेली. जिथं अर्ज घेऊन गेलो तिथं एकच प्रश्न: "लेखी काही आहे का?" वकीलबाईंनी सरळ सांगितलं, "असा कागद कोर्ट जसाच्या तसा मानेलच असं नाही. पण त्यानं काय कबूल केलं होतं, ते दाखवता तरी आलं असतं."

गेल्या महिन्यात ती बाजारात दिसली. मिरच्या निवडत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "घरी वाट बघतायत." पिशवी उचलून गेली.

तुमच्या गावातही परदेशात काम करणारी एखादी लवकरच लग्नाला उभी राहील, आणि त्या अंगणात तुम्ही बसलेले असाल. तिच्या अटी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. वकिलाकडून नीट लिहून घ्या. मुलाची सही घ्या, खाली साक्षीदार म्हणून स्वतःची करा. तोवर लग्नाची तारीख काढू देऊ नका.