जास्तीचे दोन खांब

दादा, कल्याण स्टेशनात मी घाटाकडच्या गाडीत चढलो, तेव्हा वहिनी तुझ्यामागं उभी होती. तिच्या धाकट्या भावाला, धोंडूला, मी सोबत घेऊन चाललेलो. "नेतोयस खाणीत, तर त्याला सांभाळायचं तूच," एवढंच म्हणाली.

आठ वर्षं झाली. आंबिवलीला आपले बापू रेल्वेच्या भरावासाठी मुरूम खणून द्यायचे, मी टोपलीवाल्यांची हजेरी लिहायचो. इथं म्हैसूर मुलखात मी कचेरीत बसून खाणीचे नकाशे काढतो. टेबल, कंपास, डोक्यावर पंखा ओढायला माणूस. ऐट बघ माझी.

आमचा साहेब अमेरिकेहून नवी रीत शिकून आला. खनिजाचा घराएवढा ठोकळा निवडायचा आणि तळातून पोखरायचा. तो आपल्याच वजनानं ढासळतो, मग खालच्या बोगद्यातून माल ओढून घ्यायचा. मला हसूच आलं. बापू मुरमाच्या दरडी अशाच तर पाडायचे. पहिल्या ठोकळ्याचा नकाशा मी काढला आणि तिथंच माती खाल्ली. पोखरणारी टोळी धोंडूची, म्हणून जीव धास्तावला. तळात मी न पोखरलेल्या खडकाचे दोन खांब जास्तीचे ठेवले. ठोकळा त्यांच्यावरच अडकून बसला. साहेबानं हुकूम सोडला, धोंडूनं पहार घेऊन खाली शिरावं आणि तो टोचून पाडावा.

बापू म्हणायचे, "अडलेल्या दरडीखाली कुत्रंसुद्धा जाऊ द्यायचं नाही. पोखर रुंद करा आणि बाजूला व्हा." नोकरी गेली तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. तरी साहेबापुढं उभा राहिलो. म्हणालो, चूक माझी, खांब माझे. बाजूच्या बोगद्यातून सुरुंग लावून ते उडवा, माणूस आत घालू नका. साहेब मला नाही नाही ते बोलला, पण ऐकलं. दुपारी खांब उडाले. तासाभरानं अख्खा ठोकळा खाली आला, कचेरीतली दौत कलंडली. धोंडू माझ्या शेजारी उभा होता. मी रडलो, आणि तो लेकाचा हसत होता.

पुढचा नकाशाही साहेबानं मलाच दिला. मी सुखात आहे, दादा. खाडीच्या वाऱ्याशिवाय झोप लागायला मला वर्ष लागलं, खोटं कशाला बोलू. धोंडू तर परतायचं नावही काढत नाही. वहिनीला जपून सांग. मलाही घर म्हटलं की हल्ली आपली ओटी आठवत नाही. पाळी सुटते, माणसं घेऊन खाणीतला पाळणा वर येतो, धोंडू धुळीनं माखून बाहेर पडतो. मग मी दोन पानं वाढायला सांगतो.