हिरव्या दांडीवरचा काळा ठिपका

"ज्याचं त्याला," असं म्हणून मामा अंगठा खाकी पँटला पुसायचे. अंगठ्याला काही लागलेलं असो वा नसो. अंगठा पुसला गेला की आम्ही समजायचो, कुणाला तरी काहीतरी परत मिळालं.

हट्टा गावातल्या आमच्या शाळेत ते शिपाई होते आणि मी क्लार्क. शाळेचा शिपाई म्हणजे सगळ्यांचा मामा. तुमच्याही शाळेत असा एक असेल. पण आमचे मामा अपमान विसरत नसत. गणिताच्या सरांनी एकदा त्यांना 'ए' म्हणून हाक मारली. पुढचे पंधरा दिवस सरांचा चहा कान तुटलेल्या कपातून आला. दुसऱ्या एका सरांनी त्यांना मोटारसायकल धुवायला लावली. मामांनी मन लावून धुतली. फक्त शाळा सुटायला पाच मिनिटं असताना, आणि सीटसकट. सर ओल्या पँटनं वसमतपर्यंत गेले.

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

मग एका हरवलेल्या फायलीचं खापर मी मामांवर फोडलं. फायल माझ्याच कपाटात सापडली, पण मी काही ते बोलून दाखवलं नाही. दोन दिवसांनी मला उशीर झाला. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, तर मी म्हणालो, "मघाशीच आलो. शाळेच्याच कामानं गावात गेलो होतो."

मामा चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "सर तर आत्ता गाडीतून उतरले की. डोक्याचं तेल बी वाळलं न्हाई अजून."

सगळे हसले. मला शाळेत आल्याआल्या डोक्याला तेल थापायची सवय, बाटली टेबलाच्या खणातच असायची. त्या दिवसापासून माझं नाव 'ओलं तेल' पडलं. सातवीची पोरंसुद्धा म्हणायची. मामांनी अंगठा पुसला तेवढ्यावर त्यांचं मिटलं. माझं नाही मिटलं. मला त्यांना असं काही द्यायचं होतं की जे त्यांना परत करता येऊ नये.

त्यांचं गाव वारंगा फाट्याजवळ. घरी आई अंथरुणाला खिळलेली, शेजारीण बघायची. मामा इथं खोली करून राहायचे आणि शनिवारी दोन गाड्या बदलून घरी जायचे. आमच्या संस्थेची दुसरी शाळा फाट्यावरच होती. त्यांच्या विनंती बदलीचा अर्ज मीच टाईप केला. "तेवढं बराबर लिवा सर," ते म्हणाले, "माय वाट बघून राहिली." मी बराबर लिहिलं. अध्यक्षांची सही तेवढी राहिली होती.

ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस होते. अध्यक्षांचं एक पॅनल, त्यांच्या भाऊबंदाचं दुसरं. भाऊबंदाचं चिन्ह शिलाई मशीन. त्याचे स्टिकर खांबांवर, रांजणांवर, दिसेल त्या गाडीवर. गावात स्टिकर म्हणजे शपथ. कुणाच्या गाडीवर काय आहे त्यावरून कोण कुणाचा ते ठरायचं. सहीच्या दिवशी अध्यक्षांची जीप लांबून दिसली आणि मी मागच्या दारानं बाहेर पडलो. मामांची हिरवी सायकल कडुनिंबाखाली होती. तिच्या आडव्या दांडीवर मी शिलाई मशीन चिकटवलं. कडा अंगठ्यानं दाबल्या.

जीप तिथंच थांबली, मामा सामोरे गेले. अध्यक्ष उतरले, सायकलीकडं बघत म्हणाले, "मामा, तुमी बी तिकडं?"

"न्हाई साहेब. कुणीतरी चिकटवलं हे."

"चिकटवून घेतल्याबिगर चिकटत नसतंय, मामा."

अर्ज बिनसहीचाच अध्यक्षांच्या पिशवीत गेला तो गेलाच. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले. "सर, तुमचं डोक्याचं तेल द्या जरा."

मी बाटली दिली. "तुमी बी चला," ते म्हणाले. मी गेलो. स्टिकरचा कागद निघाला होता, पण त्याचा पांढरा लगदा आणि चिकटा दांडीला तसाच होता. मी नखानं खरडायला लागलो.

"खरडू नका. खरडलं का रंग जातो, चिकटा तसाच ऱ्हातो. तेल लावा अन् थांबा. भिजू द्या. मग बोटानं."

त्यांनी हँडल धरलं, मी तेल लावलं. दहा मिनिटं आम्ही नुसते उभे होतो. ती दहा मिनिटं तुम्हाला कशी सांगू. मग अंगठ्यानं चोळलं की चिकट्याच्या वळ्या होऊन गळायला लागल्या. नखाएवढा ठिपका राहिला, तेव्हा मामांनी माझं मनगट धरलं.

"तेवढं असू द्या."

"काहून?"

"असू द्या, सर."

दुसऱ्या दिवसापासून सायकल कडुनिंबाखाली नव्हती. माझ्या खिडकीसमोर होती, ठिपक्याची बाजू माझ्याकडं करून. धूळ बसून आठवड्यात तो काळा झाला. मामा दर सोमवारी सायकल पुसायचे, ठिपका सोडून.

त्यांची आई बुधवारी गेली. दुपारच्या सुट्टीची घंटा देताना मामांना निरोप आला. दोन गाड्या बदलून ते पोचले तोवर लोक नदीवरून परतले होते. तेरावा करून, डोकं भादरून ते आले आणि सायकल नेहमीच्या जागी लावली. मला चहा आणून दिला. चांगल्या कपात. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "निवून राहिला, सर. प्या."

त्यानंतर सहा वर्षं मी तो ठिपका बघितला. कान तुटलेला कप मला एकदाही आला नाही.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. नारळ, शाल झाली, आणि ते माझ्या टेबलाशी आले. "सर, तेल द्या जरा."

मी बाटली दिली. वाटलं, आता पुसणार. खिडकीतून बघत राहिलो. मामांनी चार थेंब साखळीवर सोडले, पायडल उलटं फिरवून बघितलं. आत येऊन बाटली टेबलावर ठेवली, झाकण घट्ट लावून.

"ते मी चिकटवलं होतं, मामा," मी म्हणालो.

"ज्याचं त्याला," ते म्हणाले. अंगठा पुसला नाही. फाटकापर्यंत हिरव्या दांडीवरचा ठिपका दिसत होता.