कांबळे बाईंच्या पाट्या

शाळेत घंटा द्यायची नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत; कुसळासारखे पदराला आपोआप चिकटतात. नव्वदच्या सुमाराला मी नवघरच्या एका शाळेत मावशी होते. घंटा, पाणी, झाडू, सगळं माझ्याकडे. मला लिहिता येत नाही, हे नात लिहितेय. पण आठवण माझी, आणि पक्की!

*

पहिलीत पिंकी होती. मी घंटा दिली की किंचाळायची आणि शेजारच्याला कडकडून चावायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडबाई, लाल पेन नाचवत म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर पटावरून नाव काढते!"

पिंकीची आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होती. मला म्हणाली, "मावशी, मग हिला दुसरं कोण घेणार हो?"

वर्गाच्या कांबळे बाई मराठवाड्याच्या, नव्यानंच लागलेल्या. म्हणाल्या, "लेकरू वाईट नाही. आवाज टोचतो त्याला. हाताला काम देऊन बघू."

मी मनात म्हटलं, चारदा चावून घ्या, मग बोला!

*

बाईंनी जुन्या कापडाची पिशवी शिवली, आत मूग भरले. पिंकीनं ती मांडीवर घेऊन दाबत बसायचं. चावणं निम्म्यावर आलं! पण पोरगी पाणी प्यायची आणि ओल्या हातांनीच पिशवी दाबायची. आठवड्यात शिवणीतून पांढरे कोंब बाहेर!

बाई म्हणाल्या, "मावशी, याला म्हणतात प्रगती. आता चिंचोके भरते."

*

कोणी चुळबुळ केली की बाई त्याच्या हातात पाट्यांचा गठ्ठा द्यायच्या. "मावशींकडे पोचव." थोड्या वेळानं दुसऱ्याला, "मावशींकडून आण." दिवसभर हेच! मला लेकरांची दया आली. एकदा मीच गठ्ठा उचलून वर्गात नेऊन ठेवला. "बाई, आता कोणाला दमवू नका!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, दमवायचंच आहे! जड उचललं की अंगातली चुळबुळ उतरते."

तेव्हापासून माझा नेम: पाट्या आल्या की उतरवून घ्यायच्या, दम खाऊ द्यायचा, परत पाठवायच्या. विचारायचं काही नाही.

*

राहिली घंटा. बाई म्हणाल्या, "ती तिलाच वाजवू द्या."

मी पिंकीच्या हातात दांडा दिला. ठण्ण! किंचाळली नाही, चावली नाही. चक्क हसली!

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरत होते, तेवढ्यात तिनं एकटीनंच सुटीची घंटा दिली. सकाळचे दहा वाजलेले! अख्खी शाळा दप्तरं घेऊन रस्त्यावर!

*

पोरं गोळा करून आणली. मोठ्या बाई हजेरीपट आणि लाल पेन घेऊन पहिलीत शिरल्या. रागानं हातांची नुसती चुळबुळ चाललेली. "कुठाय ती? आत्ता नाव काढते!"

कांबळे बाई आडव्या आल्या. "बाई, ती आता चावत नाही."

"मला काही सांगू नका!"

पिंकीनं त्यांच्या हातांकडे बघितलं. कोपऱ्यातला गठ्ठा आणून त्यांना दिला.

"बाई, मावशींकडे पोचवा."

हे मला नंतर कळलं. मी नळापाशी होते. बघते तर व्हरांड्यातून मोठ्या बाई येतायत! दोन्ही हातांत पाट्या, वर हजेरीपट, त्यावर पेन.

"मावशी, हे... कुठं ठेवू?"

मी सगळं उतरवून घेतलं. स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, दम खाऊ दिला. मग नेमाप्रमाणे पाट्या आणि हजेरीपट त्यांच्या हातात ठेवले.

"आता परत वर्गात न्या."

त्या मुकाट घेऊन गेल्या.

लाल पेन तेवढं माझ्याकडे राहिलं. न्यायला कोणी आलं नाही.