हसऱ्या जोडप्याचा दिवाण

अबुधाबीच्या म्युझियममध्ये मी एकदा शवपेटीला दिवाण समजले होते. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन नवरा-बायकोचे पुतळे मातीच्या दिवाणावर रेलून हसत गप्पा मारत होते. मला आमच्या ह्यांच्याबरोबर अगदी तस्साच फोटो हवा होता. पण हे लांब उभे, फोनवर कुणाला तरी अरबीत "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत!

शेजारी वसईची एक अनोळखी बाई होती. प्रत्येक ग्रीक देवापुढे ती झटकन क्रुसाची खूण करायची. "कुणाचा का असेना, रिस्क कशाला?"

मी तिला ऐटीत म्हटलं, "आमच्या हॉलला अस्साच दिवाण घेणार. मग बघते, आमचे हे माझ्या शेजारी कसे बसत नाहीत!"

तिने वाकून पाटी वाचली, पुन्हा खूण केली आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर शवपेटी! तरीच म्हटलं, नवरा इतका वेळ शेजारी कसा बसला."