पान एकशे त्रेचाळीस

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी वही उघडते. लग्नाला चौतीस वर्षं झाली, वहीलाही तेवढीच. देवाच्या साक्षीने लिहिते म्हणून माझ्या वहीत खोटं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ज्या बाईंमुळे ती समजूत गेली, त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी आम्ही सात-आठ जण जमतो. एकच पुस्तक आळीपाळीने घरी न्यायचं, वाचायचं आणि मग त्यावर बोलायचं. यंदा विषय होता बातमीदार आणि वर्तमानपत्रं. एकाने युद्धावरून बातम्या पाठवलेल्या, एकीने कारखान्यातला घोटाळा बाहेर काढलेला, अशी पुस्तकं. मतांना तोटा नव्हता.

"ही मंडळी स्वतःच्या पुस्तकात फार शूर असतात बुवा," निवृत्त पोस्टमास्तर म्हणायचे. "घाबरून घरी पळालो, असं एकाच्याही पुस्तकात नाही."

"आणि घरी पोरांना ताप आला तेव्हा रात्रभर कोण जागलं, तेही नाही," शिवणकाम करणाऱ्या वहिनी दाताने दोरा तोडावा तशा म्हणायच्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून काहीच न बोलणाऱ्या त्या पेन्सिलबाई. हे नाव आम्हीच पाडलेलं. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी, कानावर पेन्सिल. वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायची आणि ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली होती. बिनखिडकीच्या खोलीत एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि यांनी छापलेल्या कच्च्या कागदावर चुका शोधायच्या. लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या, ती गेल्यावर एकट्याच. मला त्या पहिल्यापासून खटकत. इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढलेली बाई घरी वर्तमानपत्र घेत नाही, हे काय लक्षण?

मग एका संपादकांचं आत्मचरित्र आलं. ते पेन्सिलबाईंनीच सुचवलेलं. आधी वहिनींनी वाचलं, मग यांनी. पुस्तक परत द्यायला आल्या त्या बुधवारी मी पाहिलं, पुस्तक मांडीवर उघडं, हातात ब्लेड, आणि एका कागदाची घडी करून ती त्यांनी पिशवीत टाकली. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'पेन्सिलबाईंनी पुस्तकातलं पान कापून नेलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.'

पुढच्या बुधवारी पोस्टमास्तर पुस्तक आपटतच आले. "एकशे बेचाळीसनंतर एकदम एकशे पंचेचाळीस! संपादकसाहेबांनी मधे सुट्टी घेतली होती की काय?"

पान शिवणीजवळून सफाईने कापलेलं होतं. पेन्सिलबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या.

"माझ्या वहीत आहे कोणी कापलं ते," मी म्हटलं, आणि सांगून टाकलं.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, त्या पानावर तर चुकीच्या फोटोची हकीकत आहे. भामट्याच्या बातमीत भलत्याच शाळामास्तरांचा फोटो छापला गेला. मास्तर गाव सोडून गेले. आणि चूक कोणाची, तर मुद्रितशोधक बाईंची, त्यांना डुलकी लागली म्हणे. वर्तमानपत्र तेच, यांचंच."

मग काय, सगळं जुळलंच. ग्रंथपालांनी नियम वाचून दाखवला, पुस्तक फाडणाऱ्याचं सभासदत्व कायमचं रद्द. पुढच्या बुधवारी समोरासमोर विचारायचं ठरलं. मला सांगितलं, वही घेऊन या.

मधल्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेले. निमित्त विचारपुशीचं, पण खरं म्हणजे पान कुठे दिसतं का ते बघायला. एकच खोली. फडताळातसुद्धा वर्तमानपत्र अंथरलेलं नाही, साधा खाकी कागद.

"पेपर घेत नाही तुम्ही?"

"वाचनालयात कालचा वाचते. आजचा वाचला की हात शिवशिवतात, अजून दुरुस्त करता येईल असं वाटतं." मग शांतपणे म्हणाल्या, "ग्रंथपालांचा निरोप आलाय मला. वाचनालय बंद असतं ना, त्या दिवशी मी कोणाशीच बोलत नाही. वही आणलीय तुम्ही?"

आणली होती. का दिली कोण जाणे. त्यांनी माझ्या ओळीखाली पट्टी धरली, दोनदा वाचलं आणि समासात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह केलं.

"हे कशाला?"

"पाहिलंत ते पुस्तकातलं पान होतं?"

"मग दुसरं काय असणार?"

"ते तुम्ही ठरवा. मी नुसतं विचारते. दुरुस्त मी कधीच केलं नाही, ते वरच्यांचं काम."

पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. त्यांनी ब्लेड काढलं, मांडीवर कोरा कागद पसरला, पेन्सिल तासली, भुसा आत घेऊन कागदाची घडी केली आणि ती पिशवीत टाकली. तीच घडी. त्या बुधवारी पाहिलेली. घरी येताना मात्र वाटलं, हे मला दाखवायला म्हणूनच केलं नसेल कशावरून? बाई काही कमी नव्हती.

त्या दिवशी दिव्यापुढे बसले, पण अक्षर उमटेना. देवाने विचारलं असतं, काय पाहिलंस, तर मी काय सांगितलं असतं? ब्लेड पाहिलं, कागद पाहिला. बाकीचं मी घरी येऊन जोडलं होतं.

बुधवारी सगळे वेळेआधी हजर. मी वही वाचली आणि थांबले. "यात दुरुस्ती आहे. मी कागद पाहिला. तो पुस्तकाचा होता, असं मला वाटलं."

"म्हणजे पाहिलं नाही?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही."

"मागच्या आठवड्यात तर छातीठोकपणे सांगत होतात," पोस्टमास्तर म्हणाले.

"मागच्या आठवड्यात मी बातमीदार होते."

कोणीतरी हसलं. पेन्सिलबाई हसल्या नाहीत. त्यांनी ग्रंथपालांना विचारलं, "ते पान पुस्तकात परत आलं तर चालेल?"

सगळ्यांचे कान टवकारले. म्हणजे पान यांच्याकडेच! पण त्यांनी पिशवी उघडलीच नाही. एक कोरा कागद मागून घेतला, पट्टी ठेवली आणि लिहायला लागल्या. पाऊण तास खोलीत नुसती पेन्सिलीची खरखर. दोन्ही बाजू भरल्या. वहिनींनी वाचून मान डोलावली, असंच होतं म्हणून. डुलकीची ओळसुद्धा जागच्या जागी, फक्त तिच्या समासात एक प्रश्नचिन्ह.

"एवढं पाठ?" पोस्टमास्तरांचा आवाज संशयाचाच होता.

"अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचं छापलेलं वाचलं. माझ्याबद्दल छापलेलं हे एवढंच. पाठ होणार नाही?"

"आणि हे चिन्ह?"

"त्या दिवशी कच्च्या कागदावरही केलं होतं, फोटोपाशी. ते कोणी खोडलं, हे साहेबांच्या पुस्तकात नाही. तेच इथे बोलायचं होतं, म्हणून पुस्तक सुचवलं. मला पान लपवायचं असतं तर पुस्तकच कशाला सुचवलं असतं?"

ग्रंथपालांनी कागद पुस्तकात चिकटवला आणि सभासदत्वाचा विषय मिटवला.

माझा मिटला नाही. आमच्या ह्यांनी जेवताना आणखी काडी टाकली. "जिच्याकडे पान आहे तिला ते लिहून काढायला काय लागतं? आणि वहिनींना काय शब्दन् शब्द आठवतोय? स्वतःपुरतं सौम्य केलं असेल."

बरोबरच होतं. मी वाचनालयात बसून तो चिकटवलेला कागद माझ्या वहीत उतरवून घेतला. दोन महिन्यांनी लेकीकडे गेले, तर तिथल्या वाचनालयात तेच पुस्तक मिळालं, पान शाबूत. जावयांची पट्टी मागून घेतली आणि ओळ ओळ ताडून पाहिली. डुलकीच्या ओळीशी आले तेव्हा, खोटं कशाला सांगू, चोर सापडावा अशी इच्छा होती. छापलेलं होतं, 'आमच्या बाईंना डुलकी लागली आणि एका निरपराध माणसाचं आयुष्य मातीत गेलं.' त्यांनी लिहिलेलंही तेच. निरपराधही होतं, मातीही होती. एक शब्द मऊ केला नव्हता.

पान कोणी कापलं ते आजही कोणाला ठाऊक नाही. वहिनी, पोस्टमास्तर, मधे पुस्तक हाताळणारा कोणी, मी प्रत्येकाकडे थोडं थोडं बघते. पेन्सिलबाईंकडेही बघते. पण वहीतली ती ओळ मी खोडली नाही. समासातल्या प्रश्नचिन्हासकट ठेवली आहे, आणि हल्ली वही पेन्सिलीने लिहिते.

परवाच्या बुधवारी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी माझ्या बोथट पेन्सिलीकडे एकदा पाहिलं आणि ब्लेड नि एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला.