खांबापाशी बसलेला माणूस

चौसाळ्याहून आप्पांच्या मुलाचा, महेशचा फोन आला, "सर, आप्पा गेले." मी नुसतं "बरं, येतो" म्हणालो. पोचलो तेव्हा आप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. लिंगायतांत माणसाला बसवूनच समाधी देतात. मला त्यांचंच बोलणं आठवलं, "आयुष्यभर गल्ल्यावर बसलो, आन् आमच्यात मेल्यावर बी बसवतेत. आडवं पडायचं सुख नशिबात न्हाईच, सर!" तेव्हा खूप हसलो होतो. आता रडायचंही त्राण नव्हतं...

हायवेला लागून आप्पांचं किराणा दुकान. मी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि शाळा सुटली की त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. गल्ल्याच्या वर देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक परदेशी चित्र होतं. त्यांच्या वडिलांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून महाल समजून आणलेलं. खरं तर ते अठराव्या शतकातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, एका चर्चचं आतलं दृश्य होतं. जुन्या ग्रीक देवळांसारखे सरळसोट खांब, अर्धगोल छताला चौकोनी खण, नक्षीचा सोस कुठंच नाही आणि खाली मुंगीएवढी माणसं. हे मी मोठ्या हौशीनं समजावलं आणि मग वाटलं, झालं, आता चित्र खाली उतरणार. आप्पा म्हणाले, "काहून काढायचं? देवाचंच घर हाय की." रोज सकाळी उदबत्ती ओवाळून झाली की त्याही काचेवर विभूतीची बोटं उमटत राहिली.

हायवेवरून ट्रक गेला की भिंत थरथरायची आणि ते चित्र कलायचं. आप्पा उठून सरळ करायचे. गुडघे गेले तरी उठायचेच. एकदा मी वैतागलो, "राहू द्या की वाकडं!"

"ह्यो बघा," त्यांनी खांबाच्या पायाशी बसलेल्या एका इवल्याशा माणसावर बोट ठेवलं. "हात जोडंना, काही मागंना. लई दमलेला दिसतोय. तिरकं झालं की घसरंल असं वाटतंय मला."

मी हसलो. ते हसले नाहीत. चित्र सरळ करून म्हणाले, "महेश दुकान नवं करणार हाय. मी गेल्यावर हे भंगारात जाऊ देऊ नका, सर." मी हो म्हणालो.

परवा दुकानात गेलो. भिंतीला नवा रंग, काचेची कपाटं. आणि चित्राच्या त्या खिळ्यावर आप्पांचा हार घातलेला फोटो, गल्ल्यावर बसलेले. त्या माणसानं जन्मात एवढी एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडं.

"चित्र कुठंय रे?" माझा आवाज चढलाच.

"ह्यातच हाय, सर. फ्रेम तीच हाय," महेश म्हणाला. "पाटोद्याला फोटो बसवाया दिला, तर फ्रेमवाला आतलं चित्र काढून टाकाया लागला. मी म्हणलं, राहू दे फोटोच्या मागं. आप्पांना तेवढीच सोबत..." तो उगीच साखरेचं पोतं सारखं करू लागला.

मी बाकड्यावर बसून राहिलो. बाहेरून उसाचा ट्रक गेला, भिंत थरथरली आणि फोटो किंचित कलला. गुडघ्यांवर हात टेकून उठलो आणि तो सरळ केला.

"बसा निवांत, आप्पा," म्हणालो.